कँटीनवाले गोपण्णा

बातमी आली तेव्हा मी एका शाफ्टचा व्यास मोजत होतो. टाइम ऑफिसातले रामय्या लेथच्या रांगांमधून वाट काढत माझ्या टेबलापाशी आले आणि कानडीत म्हणाले, "नाडगौडा गेले, सर." मी विचारलं, "कुठं गेले?" आता हे लिहिताना विचित्र वाटतं, पण मी खरोखरच तसं विचारलं. नाडगौडा, म्हणजे आमच्या कँटीनचे गोपण्णा, रोज सकाळी कुठं ना कुठं गेलेलेच असत... बाजारात, रेशनच्या कचेरीत, नाहीतर लाकडाच्या वखारीत. रामय्या नुसते उभे राहिले. मग मला समजलं. मी माप पुरं केलं, आकडा वहीत लिहिला, मायक्रोमीटर पुसून पेटीत ठेवला आणि उठलो. यशवंतपूरच्या बाजारात पालेभाजीवाल्या बाईसमोर ते उकिडवे बसले होते म्हणे. एक जुडी उचलली, देठ मोडून पाहिला आणि तसेच मागं कलंडले. त्या बाईनं भाजीवर मारायचं पाणी त्यांच्या तोंडावर मारलं. सकाळचे साडेसात वाजले होते. सत्तेचाळीस वर्षांचे होते.

याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मला रडू आलेलं नाही. मी कामावर जातो, शिफ्ट संपली की घरी येतो, माझी बायको सुमती समोर ठेवील ते जेवतो. कुणी विचारलं तर "हो, फार वाईट झालं" म्हणतो. आत काही हलत नाही. बेंगळूरच्या मराठी मंडळींतल्या एका स्नेह्यानं सुचवलं की गोपण्णांवर चार शब्द लिहा, तुम्हीच त्यांना सर्वांत जवळून ओळखत होता. जवळून म्हणजे किती, हा प्रश्न मला या दिवसांत नव्यानं पडला आहे. तरी आठवतं तसं लिहितो.

गोपाळ नाडगौडा आमच्या कारखान्यात कँटीनचे सुपरवायझर होते. मूळचे विजापूरकडचे, घरात मराठी आणि दारात कानडी बोलणारे. धारवाडला एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळून मग इकडं आले. मी सांगलीहून डिप्लोमा घेऊन इथं आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, आणि राज्यांची फेररचना व्हायची होती. पहिल्या आठवड्यात कँटीनमध्ये जेवत बसलो असताना एक ठेंगणे, काळेसावळे, अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेले गृहस्थ माझ्या टेबलाशी थांबले आणि मराठीत म्हणाले, "महाराष्ट्रातले का?" मी चकित झालो. कशावरून ओळखलंत, म्हणून विचारलं. "तासभर आमटीत गूळ शोधताय की." मग माझ्या ताटाकडं बोट करून म्हणाले, "आणि भाजी बाजूला सारलीय. ती कुणी खायची?" मी ती खाल्ली. पुढची चौदा वर्षं आम्ही शेजारी बसून जेवलो. मला ते "आगाशे" म्हणत, मी त्यांना सगळ्यांसारखा "गोपण्णा" म्हणे. अहो-जाहो शेवटपर्यंत सुटलं नाही. सोडावं असं दोघांनाही कधी वाटलं नसावं.

त्यांचा स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. हट्टी होते. माणूस काय खातो याकडं त्यांचं इतकं लक्ष असे की कधीकधी त्यांच्यासमोर जेवायला नको वाटे. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात पंगतीत बसून त्यांनी शेजारच्या वकिलांना सांगितलं की तुमच्या पानात पांढऱ्याशिवाय रंगच नाही. भात, पुरी, श्रीखंड, बटाटा... वकील रागावून उठले. भाताची पेज मोरीत ओतणारी बाई दिसली की हे अस्वस्थ होत. शेंगदाण्यांची सालं काढून टाकू नका, ताक घ्या, लिंबू पिळा, तळलेलं रोज कशाला, पेरू आहे तर बिस्किट कशाला, असं एकसारखं चालू असे. एवढं करून स्वतः दिवसातून पाच वेळा घट्ट कॉफी पीत आणि तपकीर ओढत. त्यावर कुणी बोट ठेवलं तर हसून म्हणत, "स्वल्प तरी राहू द्या की."

एक प्रसंग मात्र सविस्तर लिहायला हवा, कारण त्यात माझी चूक आहे आणि ती आजवर मी कुठं लिहिलेली नाही.

माझ्या शेडमध्ये मुनिस्वामी नावाचा एक टर्नर होता. कोलारकडच्या खेड्यातला, पंचविशीचा, हात इतका बसलेला की अवघड काम आलं की फोरमन त्यालाच शोधायचे. मत्तीकेरेत एक खोली घेऊन एकटा राहायचा. दुसऱ्या पाळीत, दिवेलागणीच्या सुमाराला, तो एका शेडमधून दुसऱ्या शेडकडं निघाला आणि मधल्या अंगणात तयार मालाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. ट्रॉली उलटली, आठवड्याचं काम फरशीवर पडून खराब झालं, ट्रॉली ढकलणाऱ्याच्या पायाला लागलं. मी धावत गेलो तर मुनिस्वामी हात पुढं करून चाचपडत उभा होता. बोलताना अडखळत होता. मला वाटलं, प्यायलाय. त्याआधीही दोनदा तो संध्याकाळी असाच कुठं कुठं धडकला होता. मी वास घेऊन पाहिला नाही, दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. टेबलाशी जाऊन अहवाल लिहिला आणि त्यात "नशेत असल्याचे दिसले" असं वाक्य घातलं. दुसऱ्या दिवशी त्याला सस्पेंड केलं. आठ दिवसांत चौकशी होऊन नोकरी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी गोपण्णा माझ्या टेबलापाशी आले. एरवी ते शेडमध्ये येत नसत, लेथचा आवाज त्यांना सोसत नसे.

"तो मुनिस्वामी काय जेवतो, माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "पितो काय ते माहीत आहे."

"पीत नाही. मी त्याच्या खोलीवर जाऊन आलो." ते खुर्ची ओढून बसले. "सकाळी कॉफी आणि बन. दुपारी आपल्याकडं भात आणि नुसतं सार, भाजी घेतच नाही. संध्याकाळी पुन्हा बन. दोन वर्षं हेच. गावाकडं नाचणी आणि पाला खाऊन वाढलेलं पोर... इथं आल्यावर पांढरा भात मिळतोय म्हणून त्यावर खूश. काल दिवे लागायच्या वेळेला मी त्याच्या हातात पाण्याचं भांडं दिलं. त्याला ते दिसलं नाही, आगाशे. हवेत हात फिरवत बसला. दिवसा सगळं दिसतं, ऊन उतरलं की काही नाही. इरुळुगुरुडु म्हणतात आमच्याकडं. रातांधळेपणा. दुष्काळात आमचा अर्धा गाव असा भिंती धरून चालायचा."

"मग त्यानं सांगितलं का नाही?"

"डोळे गेले म्हणून सांगितलं तर टर्नरला कोण ठेवून घेईल? दारुडा म्हटलेलं बरं, म्हणाला. दारू सुटते तरी."

गोपण्णांना काय हवं होतं ते मला कळत होतं. अहवाल मागं घ्यायचा म्हणजे, न पाहता लिहिलं, असं माझ्याच सहीनं वरिष्ठांना कळवायचं. माझी बढती त्याच महिन्यात ठरायची होती. मी म्हटलं, विचार करतो. "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणून ते उठले. दुसऱ्या दिवशी जेवताना ते नेहमीसारखे शेजारी बसले. त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी दोन दिवस घालवले... मुनिस्वामीसाठी ते दोन दिवस कसे गेले असतील ते मी तेव्हा मनात येऊ दिलं नाही. मग पत्र लिहिलं आणि मुनिस्वामीची चौकशी रद्द झाली. साहेबांनी मला उभं करून खरडपट्टी काढली आणि बढती एक वर्ष पुढं गेली. गोपण्णांनी शाबासकी दिली नाही आणि उशीर झाला असंही म्हणाले नाहीत.

कारखान्याच्या डॉक्टरांनी मुनिस्वामीला तपासून माशाच्या तेलाची बाटली दिली. गोपण्णांचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. शेवग्याचा पाला, पपई आणि बकऱ्याचं काळीज, असं त्यांनी ठरवलं. ज्या माणसाच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे, तो माणूस यशवंतपूरच्या खाटकाकडं जाऊन काळीज पानात बांधून घेई, सायकलच्या हँडलला पिशवी लटकवून मत्तीकेरेला नेई आणि मुनिस्वामीच्या घरमालकिणीकडून ते शिजवून घेई. घरी परतल्यावर त्यांच्या पत्नी इंदिरावहिनी त्यांना न्हाणीत घातल्याशिवाय आत घेत नसत. असे तीन आठवडे गेले. त्यानंतर एका संध्याकाळी दोघं मला कारखान्याच्या फाटकाशी भेटले. उजेड जवळपास गेलेला होता. मुनिस्वामी मला बघून लांबूनच म्हणाला, "नमस्कार सर." मी काही बोललो नव्हतो, पायांचा आवाजही केला नव्हता. त्यानं मला पाहिलं होतं. तेलानं झालं की पाल्यानं, कोण सांगणार. गोपण्णा म्हणाले, दोन्हीनं.

तिथून कँटीनचं प्रकरण सुरू झालं. गोपण्णांनी एका सोमवारी भात अर्धा केला आणि नाचणीची मुद्दे वाढली. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा वाफाळता, मुठीएवढा गोळा, पालेभाजीच्या सारात बुडवून खायचा. त्या दिवशी तीनशे माणसं ताटं तशीच टाकून उठली. एकानं गोळा उचलून गोपण्णांच्या पायांशी फेकला. म्हातारे फिटर शिवलिंगप्पा त्यांना म्हणाले, "अण्णा, हे आम्ही गरिबीत खाल्लं. पोरांना भात मिळावा म्हणून इथं आलो. आता कारखान्यातही हेच वाढणार असाल तर गावाकडं काय वाईट होतं?" आमच्या पुण्याकडच्या अधिकाऱ्यांचं वेगळंच. ते म्हणाले, हमालांचं अन्न आमच्या टेबलावर नको. दोन्ही बाजूंनी तक्रारी गेल्या. साहेबांनी गोपण्णांना बोलावून सांगितलं की तुम्ही स्वयंपाक बघा, सुधारणा बघू नका.

मला वाटलं, हट्टाला पेटतील. तसं झालं नाही. ते दोन दिवस घुम्यासारखे बसून राहिले आणि मला म्हणाले, "शिवलिंगप्पाचं बरोबर आहे. त्याच्या ताटातलं काढून घेतलं ते माझं चुकलं. आहे त्यात घालायचं होतं." पुढच्या आठवड्यात भात पूर्ववत झाला, फक्त गिरणीत घासून पांढरा केलेला तांदूळ जाऊन उकडा तांदूळ आला. सारात डाळीबरोबर पाला शिजू लागला, म्हणजे बाजूला सारता येईना. आठवड्यातून दोनदा मोड आलेले हुलगे. दुपारच्या बनऐवजी, हवं त्याला पेरू नाहीतर शेंगदाण्याची चिक्की. मुद्दे फक्त मागेल त्याला. पहिले कितीतरी दिवस ती दोघांनीच मागितली. गोपण्णा कामगारांच्या बाकावर बसून खात आणि समोर मुनिस्वामी. तिसरा मी. मी पहिला घास चावला आणि तो दातांना, टाळूला असा चिकटला की बोलता येईना. "चावायचं नाही, आगाशे," गोपण्णा म्हणाले. "स्वल्प सारात बुडवा आणि गिळा." मुनिस्वामी तोंड फिरवून हसत होता.

चौथा कधी आला ते आठवत नाही. हळूहळू एक बाक झाला, मग दोन. काही वर्षांनी तांदळाची टंचाई आली, रेशनच्या दुकानांसमोर रांगा लागल्या, ठिकठिकाणची कँटीनं निम्मं ताट वाढू लागली, तेव्हा आमच्याकडं कुणी उपाशी उठलं नाही. शिवलिंगप्पा तोवर निवृत्त झाले होते. एकदा सहज भेटायला आले आणि मुद्दे मागून घेऊन जेवले. गोपण्णांनी स्वतः वाढलं.

ते गेले त्या दिवशी कँटीन बंद ठेवायचं की नाही यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी मुनिस्वामी म्हणाला, पहिल्या पाळीची माणसं सकाळी सहापासून उभी आहेत, त्यांना जेवायला घाला, अण्णा असते तर तेच म्हणाले असते. तसं केलं. तो आता चार्जहँड आहे, त्याच्या हाताखाली बारा माणसं आहेत. स्मशानात तो माझ्या शेजारी उभा होता आणि मोठ्यानं रडत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात मला माझा वाटत नव्हता.

भेटायला येणारे सगळे एकच वाक्य बोलत. इतकं बघून खाणारा माणूस, आणि असा अचानक... काहींच्या बोलण्यात हळहळ असे आणि काहींच्या बोलण्यात, खरं सांगायचं तर, थोडी सुटकाही असे. चला, म्हणजे आपण खातो तेही चालतं. मला त्या लोकांचा राग यायला हवा होता. पण मीही मनात तेच म्हणत होतो. चौदा वर्षं त्यांनी मला भाज्या खायला लावल्या, तेल कमी करायला लावलं, सुमतीला आमच्या घरी उकडा तांदूळ आणायला लावला. काय मिळालं त्यातून?

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी, मल्लेश्वरमला गेलो. भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जावर वहिनींच्या सह्या हव्या होत्या. त्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या. थोरली वेणू शेजारी अभ्यास करत होती, धाकटी शारदा देठांच्या काड्या जमिनीवर रचत होती. सह्या झाल्या. निघायला हवं होतं, पण मी बसून राहिलो आणि बोलू नये ते बोलून गेलो. म्हटलं, "वहिनी, एवढं सगळं पाळून शेवटी उपयोग काय झाला?"

वहिनींचा हात थांबला नाही. "तुम्हाला सांगितलं नव्हतं का त्यांनी?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्यांचे वडील बत्तिसाव्या वर्षी गेले. असेच, बसल्या बसल्या. मोठे काका सदतिसाव्या. धाकटे काका एकोणचाळिसाव्या. आजोबांचंही तसंच म्हणतात. नाडगौडांच्या घरात पुरुषानं चाळिशी बघितलेली नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांना हे स्वतः येऊन सांगून गेले. म्हणाले, लपवून मुलगी मागणार नाही. धारवाडच्या डॉक्टरनी सांगितलंय, औषध नाही, खाण्यापिण्याचं जपा. मला चाळिशीपर्यंतच धरून चाला, पुढचं मी बघतो." त्यांनी एक किडकं पान काढून बाजूला ठेवलं. "पुढची सात वर्षं त्यांनी बघितली. ही शारदा झाली तेव्हा ते एक्केचाळीसचे होते."

शारदानं आपलं नाव ऐकून वर पाहिलं आणि पुन्हा काड्या रचू लागली.

चौदा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसून जेवलो. लिंबू पिळा, पेज टाकू नका, पांढरं कमी करा... मी त्यांना छांदिष्ट समजत होतो. मला सांगावंसं त्यांना का वाटलं नाही, की मी कधी विचारलंच नाही, हे आता ठरवता येणार नाही.

"जेवूनच जा," वहिनी म्हणाल्या. वेणूनं पाट मांडले. मी समोरच्या पाटावर बसलो तशी शारदा म्हणाली, "काका, तिथं अप्पा बसायचे." मी उठू लागलो. वहिनी म्हणाल्या, "बसा की. रिकामा ठेवून काय करायचा." मी पुन्हा बसलो. पान वाढून होईपर्यंत ते मागच्या भिंतीला डोकं टेकून बसत असणार, कारण चुन्यावर तेलाचा एक गोल डाग पडला होता. तो माझ्या डोक्याच्या बराच खाली, खांद्याजवळ होता. मला त्या क्षणापर्यंत ते एवढे ठेंगणे असतील असं वाटलं नव्हतं. शारदा लहान हातांनी पळी धरून भाजी वाढायला आली. थोडी जमिनीवर सांडली, बाकीची पानात पडली. ती पळी घेऊन तिथंच उभी राहिली, मी खातो की नाही ते बघत. मी सगळी खाल्ली. तिनं आणखी वाढली, तीही खाल्ली.